टाळी नको

समीक्षाला पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं झालं ते पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात, आणि तेही एका सशापायी. दुसऱ्यांदा झालं तेही त्याच सशापायी. पहिल्याची आठवण झाली की तिला आता हसू येतं. दुसऱ्याची झाली की अजूनही मान खाली जाते.

आषाढातला रविवार होता. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावातून ती मेमू गाडी पकडून पेणला आली होती, दोन कामं घेऊन. धाटावच्या कंपनीत तिच्याबरोबर लॅबमध्ये असलेली पूजा लग्न करून नाशिकला चालली होती, तिचा ससा ताब्यात घ्यायचा. आणि घरच्या गणपतीचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, म्हणजे यंदाची मूर्ती त्या पाटावर बसते. दरवर्षी पाट बाबा न्यायचे. यंदा त्यांचा गुडघा धरला होता.

एका काखेत पाट, दुसऱ्या खांद्याला ससा घातलेली कापडी पिशवी, वरून पाऊस आणि छत्री धरायला हातच शिल्लक नाही, अशा थाटात बाईसाहेब कारखान्यात शिरल्या. आत ओल्या शाडूचा वास. जमिनीवर, फळ्यांवर, जिथे बघावं तिथे गणपती, आणि मधून जेमतेम एका माणसाला जाता येईल एवढी वाट. पाट टेकवायला ती वाकली, पिशवी खांद्यावरून घसरली, आणि...

ससा सुटला.

"अरे अरे अरे! धरा त्याला!" कारखान्याचे मालक नितेशशेठ ओरडले. "ताई, हा कारखाना हाय, मैदान नाय!"

ससा पाटांच्या ढिगावरून उडाला. रंगाच्या डब्यावरून उडाला. तीन ओल्या मूर्ती मांडलेली फळी त्याने अशी ओलांडली की एकीच्याही सोंडेला धक्का नाही. आणि शेवटी भिंतीशी बसून मूर्तीचे डोळे आखणाऱ्या एका तरुणाच्या मांडीत जाऊन पडला. त्याने कुंचल्याचा हात हवेत होता तसाच ठेवला, दुसऱ्या हाताने ससा दाबून धरला, आणि मग कुठे रोखलेला श्वास सोडला. काळ्या रंगाचा एक ठिपका तेवढा सशाच्या कानामागे पडला.

"बरं झालं," तो म्हणाला. "तीट लागली. आता नजर नाय लागायची ह्याला."

समीक्षा कानापर्यंत लाल झाली. सगळा कारखाना तिच्याकडे बघत होता, आणि गणपतीसुद्धा, ज्यांचे डोळे आखून झाले होते ते.

"सॉरी... म्हणजे मी... आजच आणलाय हो. अर्धा तास झाला फक्त."

"अर्ध्या तासात एवढ्या उड्या शिकवल्या?"

"मी नाही शिकवल्या!"

"मग शिकवा की," तो म्हणाला. "परदेशात सशांच्या उड्यांच्या शर्यती असतात. बारकी बारकी कुंपणं लावतात, ससा एकावरून एक उडत जातो. मोबाईलवर बघितलंय मी."

"तुम्हाला येतं शिकवायला?"

"नाय." तो हसला. "पण कुंपणं बनवायला येतात."

त्याचं नाव ऋत्विक. आणि त्या कारखान्याची रीत अशी की पाटाच्या मागे खडूने गिऱ्हाईकाचं नाव आणि मोबाईल नंबर लिहायचा, म्हणजे एकाचा गणपती दुसऱ्याच्या पाटावर बसायला नको. तो खडूचा नंबर कोणीतरी फारच मन लावून वाचला असावा. संध्याकाळी मेसेज आला : 'पाटावरून नंबर घेतला. राग आला तर सांगा, पुसून टाकतो. कुंपणं तयार हायत.'

समीक्षाने तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी नुसतंच लिहिलं, 'रविवारी मला सुट्टी असते.'

सशाचं नाव पोह्या ठेवलं. पांढरा, हलका आणि पेणहून आणलेला, म्हणून पोह्या. रविवारी दुपारची मेमू निडी स्टेशनात शिरली की ऋत्विकचा मेसेज यायचा, 'निडी आली.' निडीनंतर रोहाच, म्हणून समीक्षा चहाचं आधण ठेवायची. थोड्या वेळाने बांबूच्या पट्ट्या बगलेत मारून, अर्धा भिजलेला ऋत्विक परसदारी उभा राहायचा.

घरात बाबा आणि कृष्णाबाई आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, घरातला शेवटचा शब्द तिचा. तिने पहिल्याच रविवारी पाव्हण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सशाचे मास्तर काय तुम्ही?" तिने विचारलं. "व्हय," ऋत्विक म्हणाला, "पगार चहाचा." आत्या हसली नाही, पण दुसऱ्या रविवारी चहाबरोबर चकल्या आल्या.

शिकवणी सुरू झाली. आधी पट्टी नुसती जमिनीवर. मग दोन विटांवर. मग ऋत्विकच्या हाताने मोजून एक वीत, मग दीड.

"माझ्या वितीने मोजूया," समीक्षा म्हणायची.

"तुझी वीत म्हणजे उंदराची उडी." तो तिचा तळवा आपल्या तळव्याशेजारी धरायचा, चिकटवायचा मात्र नाही. "बघ. दीड बोट कमी."

मध्ये उरलेल्या त्या इवल्याशा जागेतून पावसाचा गारवा जायचा, आणि समीक्षाला उगीचच घाम फुटायचा.

ढकलायचं नाही, ओढायचं नाही, हे ऋत्विकने वाचून ठेवलं होतं. "त्याला वाटलं पायजे, उडी त्याच्याच डोक्यातून निघाली." उडी झाली की बक्षीस म्हणून दुर्वांची काडी. परसात दुर्वा माजल्या होत्या. पोह्याला त्या अशा आवडल्या की काडी दिसली की त्याचे कान ताठ. आणि उडीची खूण म्हणून समीक्षा टाळी वाजवायची.

"टाळी नको," ऋत्विक म्हणाला.

"का?"

"टाळी कुठं पण वाजते. वाटीवर चमचा वाजव, जिभेने टकटक कर. आवाज असा पायजे की तुझ्याशिवाय कोनी करणार नाय."

"माझी टाळी माझ्याशिवाय कोण वाजवणार?"

"काय वेगळी हाय, दाखव."

तिने त्याच्या कानाशी हात नेऊन टाळी वाजवली. तो दचकला, मग बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. "व्हय," तो हळूच म्हणाला. "वेगळी हाय."

झालं! त्यानंतर चमचा कोण शोधतो? टाळीच राहिली. पोह्या टाळीसरशी उडायचा, दुर्वा तोंडात घ्यायचा आणि उड्या मारत परत आपल्या गोणपाटावर जाऊन खात बसायचा.

एका रविवारी पाऊस इतका पडला की तिघंही पडवीत अडकले, म्हणजे ती, तो आणि ससा. तेव्हा ऋत्विक आपल्या घरचं बोलला. पेणच्या खाडीकडचं गाव. वडील काळुराम मिठागरावर, आजा मिठागरावर, त्याचा बापही तिथेच. सगळ्यांचे तळवे मिठाने फुटलेले. कुंचला धरणारा हात घरात हा पहिलाच.

"डोळे आखताना श्वास रोखायला लागतो," तो म्हणाला. "एक केस इकडे गेला तर देव तिरळा. म्हणून शेठ डोळे कोनाला देत नाय. मला देतात. आई सगळ्या गावाला सांगत फिरते, माझ्या पोराच्या हाताने देव बघायला लागतो. मला लाज वाटते गो ऐकून. पण... बरं पण वाटतं."

समीक्षाने त्याच्या हाताकडे पाहिलं. नखात शाडू अडकला होता. हा हात आपल्याला आवडतो, असं तिच्या मनात अगदी स्पष्ट आलं, आणि तिने घाईघाईने पोह्याला मांडीवर ओढलं.

"आमच्याकडं साखरचौथीचा गणपती असतो," तो जाताना म्हणाला. "तुमचे गणपती झाले की पंधरा दिवसांनी. येशील?"

"बोलावलंस तर."

"आता काय केलं मग?"

श्रावण निम्मा सरला आणि कारखान्याला रविवार उरला नाही. ऋत्विक रात्रंदिवस मूर्तींत. समीक्षा मात्र फर्स्ट शिफ्ट संपवून आली की रोज पोह्याला घेऊन परसात. त्याला दीड वीत माहीत होती. तिने गुपचूप दोन केली, मग अडीच. येईल तेव्हा दाखवायचं, त्याने तोंडात बोट घालायचं, असा बेत. मेसेजवर त्याला नुसतं छळायची, 'आज पोह्याने काय केलं ते सांगणार नाही.' तिकडून लगेच, 'सांग की.' 'नाही.' 'सांग गो...' दिवसातून पन्नास वेळा.

गणेशचतुर्थीला घरी मूर्ती आली. डोळे असे की आत्याचेही हात आपोआप जोडले गेले. मग तिचं लक्ष पोह्याकडे गेलं.

"ह्याला पूजेत आणायचं नाय. देवाला उंदीर हाय, ससा कशाला मध्येच? काय इस्कोट झाला तर दुसऱ्या दिवशी हा घराबाहेर."

"मी कोंडून ठेवते आत्या. माझी जबाबदारी."

दीड दिवसाचा गणपती. दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जनाआधीची आरती होती, आणि पंधरा-वीस दिवसांनी ऋत्विक दारात उभा होता. नवीन शर्ट, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. समीक्षाची धांदल उडाली. पोह्याला तिने स्वयंपाकघरात ठेवलं आणि दाराला आडवी फळी लावली. फळी अडीच वितींची होती, हे त्या धांदलीत तिच्या डोक्यातही आलं नाही.

शेजारीपाजारी जमले. आत्याने एकवीस दुर्वांची घसघशीत जुडी देवाच्या हातात खोचली. टाळ, घंटा, टाळ्या... आरत्या रंगल्या. आणि शेवटी सगळे टाळ्या वाजवत स्वतःभोवती गिरकी घेतात ना, ती वेळ आली. सगळ्यांची पाठ देवाकडे वळली. समीक्षा मागे कोपऱ्यात होती. तिची गिरकी आधी पुरी झाली.

फळीवरून काहीतरी पांढरं आलं. माणसांच्या पायांतून, समईला वळसा घालून, मखराच्या पायरीवर. टाळी, उडी आणि मग दुर्वा... पोह्याने शिकवलेलं सगळं अगदी बरोबर केलं. जुडी तोंडात धरली, हिसका दिला, आणि आल्या वाटेने फळीवरून आत. सगळं दोन श्वासांत संपलं. लोक देवाकडे वळले तेव्हा मूर्तीचा हात मनगटापासून निखळून पाटावर पडला होता.

टाळ थांबले. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. आत्याने तोंडावर पदर घेतला. दुर्वांची जुडी कुठे गेली, हे त्या गोंधळात कुणाच्याच लक्षात आलं नाही.

समीक्षाने तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. 'माझा पोह्या,' एवढे दोन शब्द जिभेवर आले होते. पण त्याआधीच आत्या कडाडली, "हात नीट बसवला नव्हता! कसली कामं करता रे तुम्ही!" आणि ऋत्विक पुढे झाला. चेहरा पांढराफटक.

"हात मीच बसवला होता," तो म्हणाला. "माझीच चूक."

तिचं तोंड मिटलं. एकदा मिटलं ते मिटलंच. आत्या सशाला घालवून देईल ही भीती होती, चारचौघांत फजिती होईल ही होती. पण खरं सांगायचं तर त्याने चूक अंगावर घेतली होती आणि ती गप्प राहिली तर काहीच करावं लागणार नव्हतं, एवढंच ते होतं. भटजींनी फोनवर सांगितलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवा आणि लगेच विसर्जन करा. ऋत्विक सगळ्यांच्या मागून नदीपर्यंत चालला, मान वर न करता. परस्पर स्टेशनवर गेला. स्वयंपाकघरात पोह्या गोणपाटावर बसून देवाच्या दुर्वा खात होता. समीक्षाने उरलेल्या काड्या त्याच्या तोंडातून काढून चुलीत टाकल्या, आणि टाकताना तिला स्वतःचीच किळस आली.

त्या दिवसानंतर 'निडी आली' आलं नाही. तिने लिहिलं, 'कसा आहेस?' निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही.

आठवड्याने आत्या भाजी निवडताना समाधानाने म्हणाली, "कारखान्यात फोन केलता मी. शेठला चांगलं सुनावलं. त्या पोराला काढलाय म्हणे आखणीवरनं. नवरात्रातल्या देव्यांचे डोळे आखायला दुसरा माणूस आणलाय. हा आता साचे धुतो."

समीक्षाच्या हातातली भेंडी तशीच राहिली. माझ्या पोराच्या हाताने देव बघायला लागतो... ती माऊली आता गावात काय सांगत असेल? त्या आठवड्यात समीक्षाला जेवण गेलं नाही. लॅबमध्ये एक नमुना दोनदा तपासला, एक तपासायचाच राहिला. पोह्या टाळीची वाट बघत पट्टीशी बसायचा, ती त्याच्याकडे बघायचीच नाही. आपण वाईट आहोत असं तिला याआधी कधी वाटलं नव्हतं. आता रोज सकाळी डोळा उघडला की पहिलं तेच वाटायचं.

साखरचौथीच्या सकाळी ती आत्यापुढे जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. टाळी, अडीच विती, दुर्वा, गिरकी, सगळं.

आत्याने ऐकून घेतलं. मग जे तोंड सोडलं ते दहा मिनिटं बंद झालं नाही. बाबा गुडघा धरून दुसऱ्या खोलीत गेले. शेवटी आत्या दमली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "साडी बदलते. फोन मी केलता ना? मग हे पण मीच निस्तरायला पायजे. त्या मेल्याला टोपलीत घाल."

मेमूत दोघी समोरासमोर बसल्या, मध्ये टोपली. समीक्षाने मोबाईल काढला आणि लिहिलं, 'निडी गेली. मी येतेय.' पाठवलं आणि मोबाईल पालथा ठेवला.

पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली असतात. गावापर्यंत दोन्ही बाजूंना नुसतं पाणी आणि मधून बांधासारखा रस्ता. ऋत्विकच्या घराच्या ओटीवर सगळं गाव जमलेलं, नितेशशेठही आलेले. दारात कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून अडीचेक वितींची फळी लावलेली. त्या फळीपलीकडे ऋत्विक उभा होता. तिला बघून तो आनंदला नाही. नजर मात्र वळवली नाही.

"ये," त्याची आई इंदुबाई म्हणाली. "तूच काय गो ती सशावाली?"

समीक्षाने नमस्कार केला आणि तिथेच, उभ्या उभ्या, सगळ्यांपुढे सांगितलं. "शेठ, मूर्तीचा हात ऋत्विकच्या चुकीने नाही तुटला. माझ्या सशाने तोडला. टाळ्या ऐकून फळीवरून उडून आला, दुर्वा ओढल्या आणि परत जाऊन बसला. मी बघितलं होतं. बघून... गप्प बसले."

नितेशशेठ हसले. "ताई, जीव हाय तुमचा त्याच्यावर, ते दिसतंय. पन असलं काय तरी सांगून त्याला वाचवू नका. ससा फळीवरनं उडतो, दुर्वा ओढतो, परत जाऊन बसतो? सर्कस हाय का?"

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. समीक्षाने टोपली उघडली, पोह्याला अंगणात ठेवलं, टाळी वाजवली. पोह्याने तोंड धुतलं. पुन्हा टाळी. त्याने कान धुतला. हशा वाढला. पंधरा दिवस जिने शिकवणी बंद ठेवली, तिचं त्याने का ऐकावं? समीक्षाला रडू फुटायच्या बेतात होतं. खोटं चालून जायला एक क्षण पुरला होता, आणि खरं कोणी घेतच नव्हतं.

"जाऊ द्या," आत्या आतल्या आत चरफडत म्हणाली. "आरतीची वेळ झाली."

आरती सुरू झाली. समीक्षा आत गेली नाही. पोह्याला परत टोपलीत घालून अंगणात झाकणावर दोन्ही हात दाबून बसून राहिली. आत टाळ्यांना रंग चढला... आणि तिच्या हातांखालची टोपली हलली. एकदा. मग धाडकन दुसऱ्यांदा. झाकण वर येऊन तिच्या तळव्यांवर आपटलं. तिने सगळा भार टाकला. हे घर तरी नको, देवा, हे घर नको...

ऋत्विक दारात आला होता. टोपलीकडे बघत होता. त्याने आत वळून पूजेच्या ताटातली दुर्वांची जुडी उचलली, देवाकडे पाठ करून फळीच्या आत उभा राहिला आणि जुडी धरलेला उजवा हात पुढे केला.

"सोड गो त्याला."

"नको. मूर्ती आहे मागे."

"मी उभा हाय ना. टाळ्या चालू ठेवा सगळ्यांनी! शेठ, इकडे बघा. सोड, समीक्षा."

तिने हात काढले. पोह्या बाहेर पडला, चपलांच्या रांगेवरून उडाला, पायरीवरून उडाला, आणि अडीच वितींची ती फळी पायाचं नख न लावता ओलांडून थेट ऋत्विकच्या हाताला लोंबकळला. जुडी ओढू लागला, हिसके देऊ लागला. हात शाडूचा नव्हता म्हणून जागेवर राहिला.

टाळ्या आपोआप थांबल्या. नितेशशेठचं तोंड उघडंच.

"आता पटलं?" आत्याने त्यांना विचारलं. "फोन मी केलता. चुकलं माझं. पन तुम्ही पण एका फोनवर पोराला साचे धुवायला लावलात ना!"

शेठ खाकरले. "उद्या सकाळी ये रे," ते ऋत्विकला म्हणाले, दुसरीकडे बघत. "आठ देव्या हायत. डोळे व्हायचेत." इंदुबाईने मुलाचा हात सशासकट दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला.

मग मोदकांची पंगत बसली. समीक्षा घरामागच्या बांधावर जाऊन उभी राहिली, कारण आता एकदम हलकं वाटत होतं, आणि शरम मात्र अजून तशीच होती. थोड्या वेळाने ऋत्विक मागून आला. पाण्यावर दिवेलागणीचा उजेड होता.

"पंधरा दिवस," तो म्हणाला. "पंधरा दिवस मी माझ्या हाताकडं बघत नव्हतो. जेवताना पण नाय."

"माहीत आहे."

"नाय माहीत तुला." त्याचा आवाज चढला, मग खाली आला. "तो हात बसवताना... तुझा मेसेज आलता. 'आज पोह्याने काय केलं ते सांगणार नाही.' मी एका हाताने मूर्तीचा हात धरलेला, दुसऱ्याने तुला लिहीत होतो. मला वाटलं, मी तुझ्या नादात देवाचं काम बिघडवलं. म्हणून उत्तर नाय दिलं. वाटलं, ह्यापुढं एकच काय ते होईल. एक तर तू, नायतर कुंचला."

तिने त्याच्यावर फक्त एक चूक ढकलली असं तिला वाटत होतं. त्याने तर त्या चुकीपायी तिलाच सोडून द्यायचं ठरवलं होतं.

"मला लगेच माफ करू नकोस," ती म्हणाली. "खरंच नको. मी त्या लायकीची नाहीये अजून. पण मेसेजमध्ये जे सांगणार नाही म्हणत होते ना, ते पोह्याच्या उडीचं होतं. आणि दुसरं एक होतं, ते सांगायचं धाडस झालं नाही. मला तू आवडतोस, ऋत्विक. तुझे हात आवडतात. त्याच हातांचं मी..."

पुढचं रडण्यात गेलं.

"लगेच नाय करत माफ," तो शेवटी म्हणाला. "रविवारी बघू. आधी ह्याची टाळीची सवय मोडायला लागेल. पुढचे गणपती येईपर्यंत पुरेल तेवढं काम हाय."

"पुढच्या गणपतीपर्यंत... दर रविवारी?"

"टाळी नको, सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतंस."

"ऐकलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली. तेव्हा त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. या वेळी मध्ये जागा ठेवली नाही. दीड बोट कमी असलेले तिचे तळवे त्याच्या मुठीत पार दिसेनासे झाले. घरात कुणाला तरी आणखी एक आरती आठवली होती, टाळ पुन्हा सुरू झाले होते.

"आता वाजव बघू टाळी," ऋत्विक म्हणाला.